गाठ निघाली, पण अंगात बळ का येत नाही?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि दरवर्षीप्रमाणे जुलाब-उलट्यांचे रुग्ण दवाखान्यात वाढले होते. अशाच एका दुपारी लोह्याकडच्या एका खेड्यातून चाळिशीतल्या शेतकऱ्याला जीपमध्ये आडवे घालून आणले. रात्रीपासून उलट्या, तीन-चार जुलाब, अंग थंड, डोळे उघडायचीही शुद्ध नाही. रक्तदाब सत्तरच्या वर चढेना. साथ चालूच होती, त्यामुळे निदान करायला वेळ लागला नाही. सलाईन लावले. एक बाटली गेली, दुसरी गेली. एवढ्या जुलाबांच्या मानाने माणूस आतापर्यंत सावध व्हायला हवा होता. तो होईना.

तेव्हा त्याच्या बायकोने पिशवीतून एक जाड फाईल काढली. "साहेब, ह्यांचं दीड वर्षाखाली मुंबईला नाकातून डोक्याचं आपरेशन झालंय. गोळ्या होत्या, पर महिनाभर झालं बंद केल्यात." का बंद केल्या? तर एका लग्नात कोणीतरी सांगितले की ही स्टेरॉईडची गोळी आहे, किडनी खराब होते. शिवाय गाठ तर निघाली होती. मग गोळी कशाला?

फाईल उघडली आणि सगळा उलगडा झाला. हायड्रोकॉर्टिसोनचे शंभर मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून दिले, सलाईन चालूच ठेवले. दिवे लागायच्या वेळेस तो उठून बसला आणि त्याने चहा मागितला. पण त्याआधीची चाळीस-पंचेचाळीस मिनिटे माझ्या हातून वाया गेली होती, हे मला मान्य करायला हवे. साथीच्या दिवसांत डॉक्टरलाही साथच दिसते. 'आधी काही मोठे ऑपरेशन झाले आहे का?' हा प्रश्न मी पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता.

या रुग्णाला मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची, म्हणजे पिट्युटरीची, गाठ झाली होती. अशी ऑपरेशने करून आलेली माणसे आता नांदेड-लातूरकडच्या अनेक गावांत आहेत. एमआरआयची सोय जवळ आल्यापासून गाठी लवकर सापडतात. कोणी देवगिरी एक्सप्रेसने मुंबई किंवा हैदराबाद गाठतो, कोणी पुण्याला किंवा सोलापूरला जातो. ऑपरेशन चांगले होते, टाके दिसत नाहीत, चार-सहा दिवसांत माणूस घरी येतो. आणि मग सहा महिन्यांनी माझ्यासारख्याच्या दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टरसाहेब, गाठ गेली म्हणले, पर पहिल्यासारखं अवसान न्हाई." घरच्यांना वाटते, माणूस आळशी झाला. काही डॉक्टरांनाही तसेच वाटते. म्हणून आजचा लेख.

पीयूषिका ही हरभऱ्याच्या दाण्याएवढी ग्रंथी आहे. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, मेंदूच्या खाली, हाडाच्या एका छोट्या खोबणीत ती बसलेली असते. काम मात्र मोठे. आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो तसे समजा. शेत पाटकऱ्याचे नसते, पाणीही त्याचे नसते, पण दार उघडायचे त्याच्या हाती. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, स्त्रीचे बीजकोश, पुरुषाचे वृषण ही सगळी शेते. पीयूषिका रक्तातून हुकूम पाठवते आणि मग ती आपापली संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, तयार करतात. वाढीचे आणि दुधाचे संप्रेरक ती स्वतःच बनवते. लघवीवर ताबा ठेवणारे संप्रेरक मेंदूत तयार होते आणि हिच्या मागल्या भागातून रक्तात सोडले जाते.

पाटकरीच आजारी पडला तर शेते चांगली असूनही वाळतात. पीयूषिकेत गाठ वाढली की तिच्या दाबाने चांगल्या पेशी चेपतात. गाठ काढताना काही पेशी जातात. किरणोपचार दिले तर उरलेल्यांपैकी काही पुढच्या पाच-दहा वर्षांत हळूहळू निकामी होतात. एक दिलासा सांगून ठेवतो. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. 'ब्रेन ट्यूमर' हा शब्द ऐकून घरात रडारड होते, त्याची येथे सहसा गरज नसते. पण कॅन्सर नाही याचा अर्थ ऑपरेशननंतर प्रकरण मिटले असाही नाही.

अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी 1912 साली पीयूषिकेच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श त्याच सुमारास नाकाच्या वाटेने या गाठींपर्यंत पोचू लागले होते. म्हणजे नाकातून ऑपरेशन ही कालपरवाची गोष्ट नव्हे. अडचण पुढची होती. पीयूषिका गेली तर शरीरात जे कमी पडेल ते भरून द्यायला औषधच नव्हते. अधिवृक्क ग्रंथीतल्या संप्रेरकांवरील कामासाठी केंडल, राइकश्टाइन आणि हेंच यांना 1950 साली नोबेल मिळाले आणि कॉर्टिसोन औषध म्हणून हाती आले, तेव्हापासून हे रुग्ण पुढे जगू लागले. ज्या गोळीला आपल्याकडे 'स्टेरॉईड, वाईट' म्हणून बंद करतात, तिचा इतिहास हा असा आहे.

तर आधी या गोळीबद्दलच बोलू.

अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवते. पहाटे जास्त, रात्री कमी. रक्तदाब टिकवणे, साखर टिकवणे, आजारपणात तग धरणे ही त्याची कामे. ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झाले की निरोगी शरीर हे संप्रेरक आपोआप कित्येक पट वाढवते. पीयूषिका कमकुवत झालेल्या माणसाला हे जमत नाही. म्हणून त्याला हायड्रोकॉर्टिसोनची गोळी देतात. साधारण पंधरा ते वीस मिलिग्रॅम, दिवसात दोन-तीन वेळा विभागून, सर्वांत मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर. खेड्यात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी मिळत नाही तेव्हा तज्ज्ञ सकाळी एकदा प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा लिहून देतात. तीही चालते.

दम्याला, संधिवाताला जे स्टेरॉईड महिनोन्महिने मोठ्या मात्रेत देतात त्याने तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरे आहे. आपल्याकडे काही भोंदू लोक गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळतात, त्याचे परिणामही मी पाहिले आहेत. पण येथे प्रकार वेगळा आहे. शरीर जेवढे स्वतः बनवत होते तेवढेच आपण बाहेरून देतो. विहिरीचे पाणी आटले म्हणून टँकरने तेवढेच पाणी आणले, तर त्याला पूर म्हणत नाहीत. ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. एकादशी असो, नवरात्र असो, उपवासाच्या दिवशीही ती घ्यावीच. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून वेळा ठरवून घ्याव्यात. काही रुग्णांनी रोजे न धरणेच योग्य असते.

आता यातला जीव वाचवणारा भाग. थंडी-ताप आला, अंग चांगलेच तापले, तर गोळीची मात्रा त्या दिवसांपुरती दुप्पट किंवा तिप्पट करायची असते आणि ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ववत आणायची असते. नेमकी किती, हे आपल्या तज्ज्ञांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. रात्री अकरा वाजता ताप चढल्यावर मुंबईचा फोन लागेल या भरवशावर राहू नये. आणि उलट्या होत असतील, गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनच घ्यावे लागते: हायड्रोकॉर्टिसोन शंभर मिलिग्रॅम, ताबडतोब. हे इंजेक्शन दम्यासाठी वापरतात, त्यामुळे तालुक्याच्या बहुतेक दवाखान्यांत असते. महाग नाही. घरात एक कुपी, सुई आणि पाणी ठेवावे, घरातल्या एकाने मांडीत टोचायला शिकून घ्यावे. इंजेक्शन घेतले तरी नंतर दवाखान्यात यायचेच. मी माझ्या त्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवले. बारावीचा पोरगा, दोन वेळा संत्र्यावर टोचून पाहिले, तिसऱ्यांदा हात थरथरला नाही.

दात काढायचा असेल, हर्नियाचे ऑपरेशन असेल, बाळंतपण असेल, तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी. नाव, आजार, रोजच्या गोळ्या आणि 'बेशुद्ध किंवा उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोन शंभर मिलिग्रॅम त्वरित द्यावे' एवढे मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत. लॅमिनेशन दहा-वीस रुपयांत होते.

दुसरी गोळी थायरॉक्सिनची. येथे एक फसगत वारंवार होते आणि ती डॉक्टरांच्या बाजूनेही होते. थायरॉईडची तपासणी म्हणून प्रयोगशाळेत सरसकट टीएसएच करतात. टीएसएच म्हणजे पीयूषिकेने थायरॉईडला पाठवलेला हुकूम. नेहमीच्या थायरॉईडच्या आजारात तो वाढतो, म्हणून त्यावरून निदान होते. पण जिथे हुकूम देणाराच आजारी आहे, तिथे हा आकडा पाहून काय कळणार? तो 'नॉर्मल' येतो आणि थकलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या, बद्धकोष्ठाने हैराण झालेल्या माणसाला 'तुमचा थायरॉईड ठीक आहे' असे सांगून परत पाठवले जाते. अशा रुग्णांत फ्री टी-फोर ही तपासणी पाहायची असते, आणि गोळीची मात्राही तिच्यावरूनच ठरवायची. मी स्वतः हे उशिरा शिकलो.

आणखी एक क्रम पाळावा लागतो. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन सुरू केले, तर शरीराची चूल एकदम पेटते आणि शिल्लक असलेले कॉर्टिसॉलही संपते. रुग्ण बिघडतो. म्हणून आधी कॉर्टिसॉलची खात्री, मग थायरॉक्सिन. सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्त देऊन कॉर्टिसॉल तपासतात. गोळी चालू असेल तर त्या सकाळची गोळी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर, ते तज्ज्ञांना विचारून घ्यावे.

ऑपरेशन होऊन घरी आल्यानंतरचा पहिला पंधरवडाही सांभाळण्याचा असतो. दोन गोष्टी सांगतो. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे स्वच्छ, खारट थेंब गळू लागले तर ती सर्दी समजू नये. मेंदूभोवतीचे पाणी असू शकते आणि त्या वाटेने मेंदूज्वर होऊ शकतो. त्याच दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. दुसरे म्हणजे, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांच्या रक्तातले सोडियम, म्हणजे मिठाचे प्रमाण, एकाएकी उतरते. तोवर माणूस घरी आलेला असतो. पाहुणे भेटायला येत असतात, नारळपाणी, सरबत चालू असते. डोके दुखते, मळमळते, बोलणे असंबद्ध होते आणि लोक म्हणतात, ऑपरेशनचा शीण आहे. सोडियमची तपासणी आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. ती करून घ्यावी आणि 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला या काळात कोणालाही देऊ नये.

पाण्याचाच दुसरा प्रकार याच्या उलट. लघवीवर ताबा ठेवणारे संप्रेरक कमी पडले तर माणूस दिवसाला पाच, आठ, दहा लिटर लघवी करतो आणि तेवढेच पाणी पितो. रात्री चार-चार वेळा उठतो. साखर मात्र नॉर्मल. याचे जुने नाव डायबेटिस इन्सिपिडस. या नावातल्या पहिल्या शब्दाने जगभर घोटाळे झाले. मधुमेह समजून भलतेच उपचार झाले, गरजेचे औषध राहून गेले आणि त्यातून मृत्यूही झाले. म्हणून 2022 साली तज्ज्ञांच्या संघटनांनी नावच बदलून 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' या अर्थाचे केले. औषध डेस्मोप्रेसिन, गोळी किंवा नाकात मारायचा फवारा. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यात या आजाराचा एक तरुण माझ्याकडे येत असे. औषध संपले की घरातली घागर तोच संपवायचा आणि आईचे बोलणे खायचा. आईचेही चुकत नव्हते. तिला वाटे, याला खोडच लागली आहे.

हे औषध जास्त झाले तर शरीरात पाणी साठून सोडियम उतरते. म्हणून औषध घेणाऱ्याने तहानेपुरतेच पाणी प्यावे आणि पुढची मात्रा घेण्यापूर्वी लघवी पुन्हा मोकळी होऊ द्यावी. निर्जळी उपवास मात्र यांना पूर्ण वर्ज्य. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी रुग्णालयात भरती झाल्यास हे औषध चुकणार नाही आणि पाणी उशाशी राहील, हे नातेवाइकांनी डोळ्यात तेल घालून पाहावे.

यापुढचा विषय आपल्याकडे दवाखान्याचे दार लावल्याशिवाय निघत नाही. पीयूषिकेचा लैंगिक ग्रंथींवरचा हुकूम बंद झाला की स्त्रीची पाळी थांबते, पुरुषाची इच्छा आणि ताकद कमी होते, दाढी आठवड्याने केली तरी चालते, काखेतले केस विरळ होतात, स्नायू ढिले पडतात. हाडेही आतून पोकळ होत जातात. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे फक्त बायकोच्या तपासण्या चाललेल्या असतात. नवऱ्याचे चार वर्षांपूर्वी पीयूषिकेचे ऑपरेशन झालेले असते, पण ते कोणी बोलत नाही. यावर उपचार आहेत. पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने देतात. मात्र मूल हवे असेल तर आधीच तसे सांगावे, कारण टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू तयार होणे दबते. अशांना दुसऱ्या प्रकारची इंजेक्शने द्यावी लागतात. तरुण स्त्रियांना नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरके दिली जातात. 'मुले झाली आहेत, आता पाळी कशाला' हा विचार चुकीचा आहे. तो हाडांचाही प्रश्न आहे.

प्रत्येक गाठीची मागे राहणारी दुखणी वेगळी असतात. दुधाचे संप्रेरक वाढवणाऱ्या गाठीला, प्रोलॅक्टिनोमाला, बहुधा ऑपरेशन लागतच नाही. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एक-दोनदा घेऊन ती आटते. येथे स्त्रियांना एक सावधगिरीची सूचना: पाळी परत सुरू होण्यापूर्वीच दिवस जाऊ शकतात. शिवाय प्रोलॅक्टिन वाढलेले दिसले म्हणजे गाठच असे नाही. उलटीच्या, पित्ताच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा आपल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

वाढीचे संप्रेरक वाढवणाऱ्या गाठीने हातपाय, जबडा मोठे होतात. कुस्तीपटू खली यांची अशीच गाठ 2012 साली शस्त्रक्रियेने काढली. ऑपरेशननंतर हाताची सूज उतरते, अंगठी सैल होते, घाम कमी येतो, साखर आणि रक्तदाब सुधारतात. पण वाढलेले हाड मागे जात नाही. जबडा तसाच राहतो, झिजलेले सांधे दुखत राहतात, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे उरू शकते. हे आधी सांगितलेले नसले की रुग्णाला वाटते ऑपरेशन फसले.

सर्वांत विचित्र अवस्था कुशिंगच्या आजाराची. यात गाठीमुळे कॉर्टिसॉल भरमसाट वाढलेले असते. तोंड गोल, पोटावर जांभळे पट्टे, हातपाय काडीसारखे. गाठ निघते आणि कॉर्टिसॉल एकदम खाली येते. ते खाली येणे हीच ऑपरेशन यशस्वी झाल्याची खूण. पण शरीराला त्या पुराची सवय झालेली असते. सांधे दुखतात, कातडीचे पापुद्रे निघतात, मन खचते, अंथरुणातून उठवत नाही. एक बाई मला म्हणाल्या, "आजारात मी कामं करत होते, बरी झाले अन् झोपून राहिले." त्यांच्या दबलेल्या अधिवृक्क ग्रंथी जाग्या व्हायला वर्षाच्या वर काळ लागला. गोळी हळूहळू कमी करत आणावी लागली. आज त्या शाळेत शिकवतात. त्या काळात घरच्यांनी टोमणे मारले नाहीत, याचे श्रेय मी त्यांच्या सासूबाईंना देतो.

आणि सगळे आकडे जुळल्यावरही काही थकवा उरतो, हे मी लपवणार नाही. गोळी दोन-तीन वेळा पोटात जाते; शरीर क्षणाक्षणाला हिशेब करत असते. तेवढी बारीक नक्कल अजून जमलेली नाही. मोठ्या माणसांतही वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेने मरगळ येते. त्याची इंजेक्शने रोजची आणि महाग, सगळ्यांना लागत नाहीत. नाकातून ऑपरेशन झालेल्या काहींचा वास जातो, फोडणीचा वास येत नाही म्हणून जेवणात मन लागत नाही. डोके दुखत राहते. झोप विस्कटते. उदासपणा येतो आणि तो औषधाने, समजुतीने कमी होतो. त्याला नाटक म्हणू नये. मुलांच्या बाबतीत दर सहा महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करावी. उंची थांबली आणि वजन वाढत चालले तर तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नये.

आपल्या भागापुरते एक महत्त्वाचे. पीयूषिका निकामी व्हायला गाठच लागते असे नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, रक्तदाब पडला, तर त्या वेळी मोठी झालेली पीयूषिका रक्तावाचून मरू शकते. इंग्रज डॉक्टर शीहान यांनी 1937 साली याचे वर्णन केले. प्रगत देशांत हा प्रकार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे घरी बाळंतपणे झालेल्या पिढीत अजून सापडतो. बाळाला दूध आलेच नाही, पाळी परत आलीच नाही, पुढे दहा-पंधरा वर्षे 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक आणि सलाईन. कुठल्या तरी तापात ती बाई बेशुद्ध होते तेव्हा निदान होते. तुमच्या घरात अशी कहाणी असलेली आई, मावशी, चुलती आहे का, ते आठवून पाहा.

दुसरे कारण घोणस. ज्वारीच्या कडब्यात, उसाच्या फडात घोणस चावते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे बंद पडतात. प्रतिसर्पविष आणि डायलिसिसने माणूस वाचतो. पण काही जणांत त्याच वेळी पीयूषिकेलाही इजा झालेली असते. भारतात आणि म्यानमारमध्ये असे रुग्ण नोंदवले गेले आहेत. ती इजा काही वेळा महिन्यांनी, काही वेळा वर्षांनी लक्षात येते. घोणस चावून वाचलेल्या माणसाचे अंग नंतर सतत गळून जात असेल, दाढीचे केस कमी झाले असतील, पाळी थांबली असेल, तर सकाळचे कॉर्टिसॉल आणि फ्री टी-फोर तपासायला हरकत नाही.

तपासणी कुठे करायची? रक्ताच्या तपासण्या नांदेड-लातूरला होतात. पहिल्या भेटीसाठी विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा अंबाजोगाईचे रुग्णालय आहे. संप्रेरकतज्ज्ञांकडून एकदा तरी पूर्ण आखणी करून घ्यावी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात संप्रेरक विकारांचा स्वतंत्र विभाग आहे, डॉ. नलिनी शहा यांनी अनेक वर्षे त्याचे प्रमुखपद सांभाळले आणि पीयूषिकेच्या आजारांवर तिथे मोठे काम झाले. खर्चाबाबत, राज्य सरकारची जीवनदायी योजना 2012 साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आपले ऑपरेशन त्यात बसते का ते आधी विचारावे. गोळ्यांचा महिन्याचा हिशेब मात्र वेगळा मांडून ठेवावा, कारण ऑपरेशन एकदाच होते. बऱ्याच जणांचे उपचार पैशामुळे नाही, तर 'आता काय, बरा झालो' म्हणून तुटतात.

ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी एमआरआय, पुढे तज्ज्ञ सांगतील त्या अंतराने. किरणोपचार घेतलेल्यांनी दरवर्षी रक्ततपासणी करावी, तब्येत उत्तम असली तरी, कारण त्यांच्यात कमतरता उशिरा येते. डोळ्यांच्या कडेच्या नजरेची तपासणीही करून घ्यावी. या गाठी दृष्टीच्या नसांवर खालून दाबतात, त्यामुळे समोरचे दिसते आणि दोन्ही बाजूंचे जाते.

माझ्या त्या शेतकऱ्याचा आजार तसाच सुरू झाला होता. मोटारसायकलवरून जाताना बाजूने येणारी बैलगाडी त्याला दिसली नव्हती. ऑपरेशननंतर नजर बरीच परतली, डाव्या कडेची थोडी राहिली. मागच्या महिन्यात आला तेव्हा गोळ्यांची डबी आणि चिठ्ठी दोन्ही खिशात होती. गाडी त्याने मुलाला दिली आहे. स्वतः एसटीने आला होता.

(पुढील आठवड्यात : घोणस चावल्यावर पहिल्या तासात काय करावे)